काम कोण करतं?

नमस्कार श्रोतेहो. पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडी आणि माण. शिवारात आयटी पार्क आला, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. मूळ गावकऱ्याच्या घराला लागून पत्र्याच्या खोल्या. त्यांत लातूर-नांदेडचे बिगारी, बिहार-ओडिशाचे सेंट्रिंगवाले, आणि मागच्या सोसायटीत देशभरातले इंजिनिअर. अशा गावात कोण काय काम करतं, हे घरटी विचारलं जातं ते जनगणनेत. येत्या जनगणनेचा संदर्भदिवस, म्हणजे ज्या दिवसाची स्थिती धरली जाते तो, आहे १ मार्च २०२७. म्हणून आज एकच शब्द नीट समजून घेऊ: काम.

गोठा आणि खोल्या असलेलं एक घर डोळ्यांपुढे आणा. प्रगणक बाई, म्हणजे जनगणनेची माहिती घेणाऱ्या, दारात आल्या आहेत. मुलगा ओट्यावरूनच सांगतो, "मी एकटा कमावता. आई आणि बायको घरीच असतात, त्यांचं काय लिहायचं?"

बाई आजींकडे वळतात. "आजी, तुम्ही काम करता?"

"मी कशाचं काम करते बाई आता! घरीच असते."

आजींच्या हाताला कोपरापर्यंत शेण लागलेलं. दाराशी दुधाची बादली, वर फडकं बांधलेलं.

"म्हशी कोण बघतं?"

"दोनच हाईत. मीच बघते. धार, वैरण, शेण. दूध घरीच लागतं, इकत नाही."

बाई लिहितात. मग सूनबाईंना विचारतात, "वहिनी, तुम्ही?"

"मी गृहिणी."

पण ओट्यावर बारा डबे पालथे घातलेले असतात. खोल्यांतल्या पोरांचे. डब्याला चार पोळ्या, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला शहाण्णव पोळ्या. रोज अडीच-तीन किलो कणीक मळायची, तीही पहाटे चारला उठून. पैसे महिन्याचे महिन्याला मिळतात.

आता बाई मुलाकडे येतात. "दादा, तुमचं काम?"

"सोळा खोल्यांचं भाडं येतं की."

"भाड्याशिवाय काही? शेती, दुकान, नोकरी?"

"जमीन पार्कात गेली. आता काही नाही."

आणि अर्ज भरतो तो असा: आजी, कामगार. सूनबाई, कामगार. मुलगा, काम करत नाही.

मुलाला राग येतो, पण नियम तसाच आहे. नुसत्या भाड्यावर जगणं जनगणनेत काम धरत नाहीत. दुधाचं उत्पादन मात्र काम आहे, घरच्यापुरतं असलं तरी. पुन्हा सांगते, घरच्यापुरतं असलं तरी. शेतातली बिनमोबदल्याची मदतही काम. स्वतःच्या घरचा स्वयंपाक-धुणं तेवढं धरत नाहीत, आणि मला ते मुळीच पटत नाही. दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी मात्र काम आहेत.

दुसरी गोष्ट दिवसांची. मागच्या वर्षभरात सहा महिने किंवा जास्त काम केलं, तर मुख्य कामगार. त्याहून कमी, तर सीमांतिक. सगळी कामं मिळून मोजायची: चार महिने ऊसतोड आणि तीन महिने साइटवर बिगारी, म्हणजे सात महिने, म्हणजे मुख्य कामगार. चूक इथंच होते. प्रगणक विचारतात तेव्हा माणूस बसून असतो, तो सांगतो "सध्या काही नाही", आणि वर्षभराची मेहनत कागदावरून जाते. "सध्या" नको, वर्षाचं सांगा.

  

कामाच्या या नोंदींचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. गाव "जनगणना शहर", म्हणजे कारभार गावाचा पण मोजणीत शहर, ठरतं ते तीन निकषांवर: वस्ती किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर. फक्त पुरुष! सूनबाईंचे डबे या हिशेबात येतच नाहीत. आणि शहर ठरलं म्हणून नगरपालिका मिळत नाही. गटारं ग्रामपंचायतीनंच काढायची.

भाडेकरूंनो, तुम्ही राहता तिथंच तुमची नोंद होते. कसलंही कागदपत्र दाखवावं लागत नाही, उत्तर तोंडी द्यायचं. खोलीत सहा जण असाल तर सहाही सांगा. घरमालक त्यांचं वेगळं सांगतील, तुमचं तुम्हीच सांगायचं. आणि फेब्रुवारीत प्रगणक येतील तेव्हा सगळेच कामाच्या पाळीला जाणार असाल, तर शेजारच्या खोलीत निरोप ठेवा की संध्याकाळी किती वाजता घरी असता.