आधी शांत कोण होणार?

(पुण्यातील एका शाळेत पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. शनिवारची संध्याकाळ मोडून तुम्ही आलात, आजी-आजोबाही आलेत, याचा मला फार आनंद आहे.

आज मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. मुलाला राग येतो, भीती वाटते, रडू कोसळतं. त्यातून बाहेर यायला ते शिकतं कसं? आपल्या घरांमधून असा समज आहे की ते सांगून येतं. ‘शांत हो’, ‘रडू नकोस’, ‘एवढ्यातेवढ्यावरून काय चिडायचं’ असं पुरेशा वेळा सांगितलं की मूल शहाणं होईल. मी मुलांची समुपदेशक म्हणून काम करते आणि मला दिसतं ते वेगळंच. आधी शेकडो वेळा कुणीतरी शांत केलेलं असतं, म्हणून मूल स्वतः शांत व्हायला शिकतं. लक्ष्मी रोड ओलांडायला आपण मुलाला भाषण देऊन शिकवत नाही. कित्येक वर्षं हात धरून ओलांडतो आणि मग कधीतरी हात सोडतो. भावनांच्या बाबतीत मात्र तीन वर्षांच्या मुलानं पहिल्याच दिवशी एकट्यानं पलीकडे जावं, अशी आपली अपेक्षा असते.

याची सुरुवात अगदी तान्हेपणी होते. १९७०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते, बाळ हुंकार देतं. मग तिला सांगितलं जातं की काही वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा, बाळानं काहीही केलं तरी प्रतिसाद द्यायचा नाही. बाळाच्या ते लगेच लक्षात येतं. ते हसून बघतं, हात पुढे करतं, किंचाळतं. तरीही आई हलली नाही की तोंड फिरवतं, कोलमडतं आणि रडू लागतं. मग आई पुन्हा आईसारखी होते, जवळ घेते, आणि हळूहळू बाळ सावरतं. बोलताही न येणारं मूल समोरच्या चेहऱ्यावर किती अवलंबून असतं, हे त्यातून दिसलं. आज हे ऐकताना मोबाईलमध्ये बघणारा आपला चेहरा तुम्हाला आठवला असेल, तर तो आठवायलाच हवा.

आता संध्याकाळी साडेसातच्या घरात येऊ. हिंजवडीहून किंवा खराडीहून दीड तासाचा ट्रॅफिक झेलून तुम्ही पाळणाघरात पोचता. ताई म्हणतात, ‘दिवसभर किती गुणी होती, तुम्ही आलात आणि बघा.’ चार वर्षांची मुलगी बूट घालायला तयार नाही, रस्त्यावर बसून भोकाड पसरते, घरी आल्यावर डाळ-भाताची वाटी ढकलून देते. आईला वाटतं, माझ्यासमोरच ही नाटकं करते. मला हे वारंवार सांगितलं जातं आणि दर वेळी मी तेच उत्तर देते: तिनं दिवसभर स्वतःला आवरून धरलं होतं. दुसऱ्या मुलीनं खेळणं ओढून घेतलं तेव्हा ती रडली नाही, झोप आली तरी सांगितलं नाही. जिच्यासमोर सगळं सोडून द्यायला भीती वाटत नाही ती व्यक्ती दिसली आणि बांध फुटला. दमलेल्या आईला त्या क्षणी हे गोड वाटणार नाही, मला माहीत आहे. पण त्या आदळआपटीचा अर्थ ‘ही बिघडली’ असा लावला की आपण एक गोष्ट करतो आणि ‘ही माझ्यापाशी मोकळी होते आहे’ असा लावला की दुसरी.

ती दुसरी गोष्ट कोणती? मुलाच्या उंचीला या, खाली बसा. कमी बोला. मूल तापलेलं असताना त्याला तत्त्वज्ञान ऐकू येत नाही; विचार करून स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी ओलांडून जावी लागते, चार वर्षांच्या मुलीत तो नुकता कामाला लागलाय. तेव्हा आवाज खाली आणा, श्वास संथ करा, जवळ थांबा. ‘खूप चिडलीस ना. पार्कमध्ये थांबायचं होतं.’ एवढं पुरे. ती जवळ येऊ देत असेल तर पाठीवर हात ठेवा, येऊ देत नसेल तर दोन हातांच्या अंतरावर बसून राहा.

इथे नेहमी विचारलं जातं, ‘म्हणजे हट्ट पुरवायचा?’ अजिबात नाही. पार्कमधून निघायचं ठरलंय तर निघायचंच. तिनं मारायला हात उगारला तर तो धरायचा आणि ‘मारू देणार नाही मी तुला’ असं ठामपणे, न ओरडता सांगायचं. राग येणं चालेल, मारणं चालणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मुलाला कळू शकतात, फक्त त्या सांगणाऱ्याचा स्वतःचा तोल जागेवर हवा.

भावनेला नाव देण्याबद्दल थोडं. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७मधल्या अभ्यासात प्रौढांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेचं नाव ओळखायला सांगितलं. नाव देताना मेंदूतल्या, भीतीचा इशारा देणाऱ्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. मुलांशी बोलताना मला याचा उपयोग रोज जाणवतो. आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं सुरुवातीला दोनच गोष्टी सांगतात: बोअर झालं किंवा राग आला. थोडं बसून बोललं की त्याखालून अपमान निघतो, हेवा निघतो, एकटं पडल्याचं दुःख निघतं. शाळेतून आल्यावर दप्तर फेकणाऱ्या मुलाला ‘राग आलाय, की डबा खाताना कुणी शेजारी बसलं नाही म्हणून वाईट वाटलंय?’ असं विचारून बघा. चुकीचा अंदाज केलात तरी चालतं. मूल दुरुस्त करतं, आणि दुरुस्त करताना स्वतःच्या आत डोकावतं.

आणि मोबाईल. रडणाऱ्या मुलाच्या हातात फोन दिला की ते गप्प होतं, हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलालाही स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी तर उत्तमच. मला तासांपेक्षा फोन कधी दिला याची काळजी जास्त वाटते. दर वेळी रडू आलं की फोन, असं झालं तर रडण्यातून माणसाच्या मदतीनं बाहेर येण्याचा सराव होतच नाही. रडू दाबलं जातं आणि पुढच्या वेळी आणखी मोठा आवाज लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर आज आले, ती. तुम्ही चिडणार आहात. ऑफिसमधला वाईट दिवस, गॅसवर कुकर, सासऱ्यांची औषधं, उद्याचा प्रोजेक्ट, आणि त्यात सांडलेलं दूध. तुम्ही ओरडाल. ट्रॉनिक यांच्याच पुढच्या निरीक्षणांत असं आढळलं की चांगलं नातं असलेल्या आई-बाळांचा सूरही साधारण ३० टक्के वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ सूर निसटणं आणि पुन्हा जुळवणं यात जातो. आणि हे पुन्हा जुळवणं, हेच बाळाला शिकवतं की बिघडलेलं सावरता येतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनीही परिपूर्ण आईची मागणी कधी केली नाही, ‘पुरेशी चांगली’ आई पुरते असं ते म्हणत.

तेव्हा ओरडल्यानंतर काय करता, इकडे लक्ष द्या. आपल्या घरांत बहुतेक वेळा काय होतं? तासाभरानं आई गरम पोळी वाढते, बाबा आइस्क्रीम आणतात, आणि विषय संपला असं सगळे धरून चालतात. प्रेम त्यात असतंच. पण मुलाच्या डोक्यात एक प्रश्न तसाच राहतो: मी वाईट आहे म्हणून झालं का हे? म्हणून शब्दांत सांगा. ‘मघाशी मी फार जोरात ओरडलो. दूध सांडणं एवढं मोठं नव्हतं. मी दमलो होतो, पण तुझ्यावर ओरडणं बरोबर नव्हतं.’ आणि थांबा. ‘पण तूही जरा बघून चालत जा’ हे त्याच वाक्याला जोडू नका, माफी तिथेच संपते. बाबांनी मुलासमोर माफी मागितली तर धाक राहणार नाही, अशी भीती मला आजही ऐकू येते. मी पाहिलंय ते उलट: अशा घरातली मुलं स्वतःची चूक लवकर कबूल करतात, कारण चूक कबूल केल्यावर माणूस मोडत नाही हे त्यांनी घरातच पाहिलेलं असतं.

पुण्यात बोलते आहे तर हुशारीबद्दल बोललंच पाहिजे. अप्पा बळवंत चौकातून गाईड आणली जातात, स्कॉलरशिपचे क्लास लागतात, आणि ‘आमचा खूप हुशार आहे हं’ हे मुलाच्या देखत दहा जणांना सांगितलं जातं. १९९८मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ती फारशी कुणाला जमली नाहीत. त्यानंतर सोपी कोडी पुन्हा दिली तर ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. आपले गुण दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगणारी मुलंही ‘हुशार’ गटात बरीच जास्त निघाली. मला ते खोटं बोलणं फार बोलकं वाटतं. हुशार हीच ओळख असेल तर अपयश लपवावंच लागतं. दहावीचा निकाल लागतो त्या दिवसांत ८८ टक्के मिळालेली मुलं माझ्यासमोर बसून ‘सगळ्यांना काय सांगू’ म्हणून रडतात. त्यांना मार्कांचं दुःख थोडं असतं, तोंड दाखवण्याची भीती फार असते.

झोपेबद्दल घाईघाईनं एवढंच: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास लागतात. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारनं २०२४मध्ये घेतला तो याच कारणानं. मिळालेला तो तास रात्रीच्या टीव्हीला देऊ नका.

किशोरवयात सगळं बदलतं, दार बंद होतं. तेव्हा मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मुलं येत नाहीत म्हणून रागावून बसल्या नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलापर्यंतही असंच जावं लागतं. समोर बसवून ‘बोल, काय झालं’ विचारलं की तो ‘काही नाही’ म्हणतो. गाडीवर मागे बसलेला असताना, टेकडी चढताना, भांडी पुसताना, म्हणजे डोळ्याला डोळा भिडत नाही अशा वेळी तो बोलतो. तेव्हा मध्येच सल्ला देऊ नका.

आणि काही वेळा घरचं प्रेम पुरत नाही, तज्ज्ञ लागतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं दिसलं. सतत दोन आठवडे उदास किंवा चिडलेलं, झोप-जेवण बदललेलं, आवडीचं क्रिकेट सुटलेलं, मित्र तुटलेले, अंगावर स्वतः केलेल्या जखमा, ‘मी नसलेलाच बरा’ अशी वाक्यं, यांतलं काही दिसलं तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात ती आहे त्याला बोलायला जागा मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे घेतले आहेत.)

‘आमच्या वेळी हे असं कुणी विचारलं नाही. आम्ही वाढलोच की.’

आजोबा, तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तुम्ही वाड्यात वाढलात का? हो ना. वडिलांनी मारलं तर तुम्ही कुणाकडे पळत होतात? ...शेजारच्या काकूंकडे. त्या काय करायच्या? ...लाडू द्यायच्या आणि जवळ बसवायच्या. म्हणजे तुम्हाला शांत करणारं माणूस होतं, फक्त ते आई-वडीलच असायला हवं होतं असं नव्हतं. आज अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते सगळं काम दोन दमलेल्या माणसांवर येऊन पडलंय. आणि काहींना तेव्हाही काकू मिळाल्या नव्हत्या. त्यांतले कितीतरी जण आज साठीत माझ्या सहकाऱ्यांकडे येऊन पहिल्यांदा रडतात. तुम्ही घरात असाल तर नातवंडांचे काकू तुम्ही व्हा, ही माझी तुम्हाला विनंती आहे.

‘मी एकटीनं मुलाला वाढवते. घरी पोचायला साडेआठ होतात. यातलं मला काय जमणार?’

घरात शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं. फोन पर्समध्ये राहू द्या. अभ्यास झाला का, डबा संपवला का, टीचर काय म्हणाल्या, यांतलं एकही विचारू नका. चपला काढून त्याच्या शेजारी बसा, तो जे करतोय ते बघा, तो बोलला तर ऐका. नाही बोलला तरी उठू नका. कुकर दहा मिनिटं उशिरा लावला तर चालेल. आठवड्यातून दोन-तीन दिवसच जमलं तरी सुरू करा, आणि शेजारी, बहीण, मैत्रीण, ज्या कुणापाशी तो मोकळा होतो, त्यांच्याकडे त्याला निःसंकोच जाऊ द्या.