पस्तीस दिवसांची मुदत

श्रोतेहो, नमस्कार.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन शब्द हमखास कानावर यायचे: गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन. गुणपडताळणीत उत्तर बरोबर की चूक हे कुणी पाहत नाही. बेरीज चुकली का, एखादं पान तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसा, म्हणजे मायदेशी जिवाला धोका असलेल्यांसाठीचा व्हिसा, नाकारलेला माणूस कोर्टात जातो तेव्हा त्याला मिळते ती साधारण ही गुणपडताळणी. पुष्कळांना हे न्यायाधीशांसमोर उभं राहिल्यावर कळतं.

आधी व्हिसा देणाऱ्या खात्याचा अधिकारी अर्ज नाकारतो. मग ट्रायब्युनल, म्हणजे खात्याचे निर्णय तपासणारं मंडळ; ऑक्टोबर २०२४ पासून त्याचं नाव अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल. तिथे प्रकरण नव्याने तपासतात, म्हणजे ते पुनर्मूल्यांकन. तिथेही नकार आला तर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट. ‘मायदेशी परतलो तर मला मारतील हो’ असं तिथे कळवळून सांगून भागत नाही. ट्रायब्युनलने कायदा नीट लावला का, बाजू नीट ऐकली का, एवढाच तिथला प्रश्न. वकील मंडळी या चुकीला ‘ज्युरिसडिक्शनल एरर’ म्हणतात. ती सापडली तरी कोर्ट व्हिसा देत नाही, प्रकरण परत ट्रायब्युनलकडे पाठवतं.

मग उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. दोन खटले सांगतो.

बांगलादेशातले दोन पुरुष, एकमेकांचे जोडीदार. ट्रायब्युनल म्हणालं, हे आजवर गाजावाजा न करता राहिले, पुढेही तसेच राहतील, मग धोका कसला? डिसेंबर २००३ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध तीन मतांनी हा निर्णय रद्द केला. ते दबून राहिले ते कशाच्या भीतीने, हे ट्रायब्युनलने पाहिलंच नव्हतं. तपासायचं राहिलेलं पान ते हेच.

दुसरा एक इराणी खलाशी. ख्रिस्ती धर्माकडे ओढला गेल्यामुळे परतणं धोक्याचं आहे, असं त्याचं म्हणणं. खात्याने त्याच्या श्रद्धेवर शंका घेतली. ट्रायब्युनलने मात्र त्याच्या हकिगतीतल्या इतर गोष्टी न पटणाऱ्या ठरवल्या आणि त्या गोष्टी आपल्याला पटत नाहीत याची त्याला सुनावणीत कल्पनाही दिली नाही. २००६ मध्ये हायकोर्टाने म्हटलं, हा न्याय्य व्यवहार नव्हे. या खलाशाचं नाव मी सांगत नाही, कारण ते निकालपत्रातही नाही. अशा अर्जदारांची नावं छापायला कोर्टांना कायद्याने मनाई आहे, म्हणून त्याच्या खटल्याला ‘एसझेडबीईएल’ म्हणतात. गाडीच्या नंबरप्लेटसारखं वाटतं, पण मायदेशी राहिलेल्या घरच्यांचा जीव त्यामुळेच सुरक्षित राहतो.

संसदेने मध्यंतरी हा दरवाजाच लावून घ्यायचा प्रयत्न केला होता. असे निर्णय अंतिम, कोर्टाने त्यांत पडू नये, असं कलम घातलं. २००३ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की ज्या निर्णयात ‘ज्युरिसडिक्शनल एरर’ आहे त्याला या कलमाचं संरक्षण नाही, आणि कोर्टाचा हा अधिकार राज्यघटनेतून येतो, तो साध्या कायद्याने काढता येणार नाही. आपल्याकडची रिट याचिका ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात ओळखीचं काही दिसेल.

आता थोडं स्पष्ट बोलतो. ‘प्रोटेक्शन टाकून ठेव, कोर्टात जा, दोन-चार वर्षं निघतील’ असा सल्ला देणारे एजंट आपल्या लोकांतही फिरतात. त्यांचं ऐकू नका. हरलात तर सरकारी बाजूचा खर्चही तुमच्याच माथी बसू शकतो. आणि ज्याला खरंच जिवाची भीती आहे, तो त्याच रांगेत तुमच्या मागे उभा असतो.

पण भीती खरी असेल, तर ट्रायब्युनलच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग मागून घ्या आणि नीट ऐका. दुभाष्याने तुमचं म्हणणं भलतंच सांगितलं असेल, तर तोही कोर्टात मुद्दा होऊ शकतो. ट्रायब्युनलच्या नकारानंतर कोर्टात जायला मुदत आहे पस्तीस दिवसांची. वाढवून मागता येते, पण ती मिळेलच असं नाही. आणि हे पस्तीस दिवस पत्र हातात पडल्यापासून मोजत नाहीत, निर्णयावर जी तारीख असते तिथून मोजतात. तेव्हा पाकीट फोडलंत की आधी ती तारीख पाहा आणि त्याच दिवशी वकिलाला फोन लावा.

नमस्कार.