बदली कुणाची?

नमस्कार मंडळी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं साताऱ्याहून नवी मुंबईतल्या घणसोलीत राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरवत होतो, तेवढ्यात घरमालक काका खाली आले. "बदली झाली वाटतं तुमची?" मी म्हटलं, "माझी नाही, हिची." काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या शेगडीकडे, आणि म्हणाले, "बरं बरं." त्या दोन 'बरं'मध्ये काय काय होतं, ते पुढे सहा महिने मला कळत राहिलं.

बायको साताऱ्यात पतसंस्थेत हिशेब बघायची. इथं ऐरोलीच्या कंपनीत ती परदेशातले विम्याचे दावे तपासते. तिकडचा दिवस आपल्या दुपारी सुरू होतो, म्हणून तिची पाळी दुपारी 2 ते रात्री 11. मी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवत होतो. मानधन सहा-सहा महिने थकायचं. तेव्हा तिच्यासाठी मी नोकरीवर पाणी सोडलं वगैरे म्हणायला तोंड नाही. सोडण्यासारखं फार काही नव्हतंच. पण 'सर' म्हणायची सवय लागलेली असते माणसाला. इथल्या क्लासवाल्यांना मराठीतून जमाखर्च शिकवणारा नको होता. चार महिने मी घरी बसून भाकरी शिकलो. गोल येत नाहीत अजून.

मग तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेबाचं काम मिळालं. आमच्या घरापासून ऐरोली ठाण्याच्या दिशेला दुसरं स्टेशन आणि तुर्भे उलट्या दिशेला दुसरं. लाईन एकच, पण एका गाडीत कधी बसलो नाही.

गाळ्यावर मी पट्टी लिहितो. शेतकऱ्याचा माल विकला की त्याला जो हिशेब जातो, ती पट्टी: वजन, भाव, खाली भाडं, हमाली, तोलाई वजा, आणि शेवटी हातात येणारी रक्कम. वर्गात वजावट शिकवताना मुलं जांभया द्यायची. इथं जुन्नरकडचा एखादा शेतकरी ती पट्टी तीन-तीनदा वाचतो, आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून गप्प उभा राहतो. 2016 पासून अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, त्याच्याकडून कापत नाहीत, ती खरेदीदार देतो. पण भावच पडला तर त्यानं काय होणार?

आणि ऐका, या मार्केटात मला सातारा भेटला! माथाडी कामगार पाटणचे, जावळीचे. 50 किलोची गोणी पाठीवर घेऊन जाताना विचारतात, "मास्तर, गावाकडं पाऊस काय म्हणतोय?" माथाडी कायदा 1969 चा. त्याच्याही आधीपासून आमच्याकडचे गडी मुंबईला जातायत. बाया मागे राहून शेती बघायच्या, मनीऑर्डरीची वाट बघायच्या. माझी आजी त्यातलीच. बायकोच्या मागोमाग आलेला गडी म्हणून माझी इथं चेष्टा होते, पण ती गावच्या भाषेत होते, त्यामुळे लागत नाही फार.

आमचे काका मात्र आगरी, घणसोली गावातलेच. त्यांच्या वडिलांची भातशेती होती. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि जमिनी गेल्या. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत द्यायची योजना होती, त्यातून मिळालेल्या भूखंडावर ही इमारत उभी आहे. एकदा ते गच्चीत मासे सुकवत असताना मी त्यांना आमच्या दोघांच्या नोकऱ्यांचं रडगाणं ऐकवत होतो. ते म्हणाले, "आमी कंय नाय गेलो, शहरच आमचे दारान आयला." शेतकऱ्याचा मुलगा, त्यानं पुढे कंपनीच्या बस चालवल्या. त्यांना 'बदली झाली वाटतं' असं कुणी विचारलं नसावं.

आता आमच्या घरातलं सांगतो. मी पहाटे साडेचारला उठतो. ती पावणेबाराला कंपनीच्या गाडीतून उतरते, तेव्हा मी घोरत असतो. दुपारी मी परततो तर ती निघून गेलेली. पहिल्या वर्षी यावरून भांडणंसुद्धा फोनवर, तीही तिच्या चहाच्या सुट्टीत, पंधरा मिनिटांत उरकायची. अर्धवट राहिलेलं भांडण दुसऱ्या दिवशी नेमकं कुठून सुरू करायचं हे दोघांनाही आठवायचं नाही, हा एक फायदा.

मग मी फ्रिजवर एक वही टांगली. मार्केटची सवय, म्हणून पट्टीसारखीच लिहायला लागलो. आवक: दूध एक लिटर, मेथी दोन जुड्या. वजावट: गॅसवाल्याचे पैसे. तिनं आठवडाभर गंमत म्हणून वाचलं. मग एका सकाळी माझ्या पट्टीखाली तिच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: "हमाली लावलेली नाही. रात्री बारा वाजता भांडी घासली, तीन वेळा."

खरंच लावली नव्हती. तेव्हापासून हमालीचा रकाना आहे. माझ्या नावावर सध्या अकरा वेळची बाकी निघते. मार्केट रविवारी बंद असतं आणि तिलाही सुट्टी, त्यामुळे फेडायची ती रविवारीच.

येतो मग. नमस्कार.