नजर समोर, चित्त भलतीकडे

रात्रीचे साडेअकरा. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा नुकतंच मागे पडलंय. दिव्यांच्या उजेडात पांढरा पट्टा, पुन्हा पट्टा, पुन्हा पट्टा. ना चौक, ना सिग्नल. चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे सताड उघडे. कानात ब्लूटूथ, पलीकडे भाऊ, विषय शेताच्या वाटणीचा. आणि गाडी वीत वीत करत डाव्या कडेला सरकतेय.

या माणसाने दारू घेतलेली नाही. त्याला झोपही आलेली नाही. तो आत्ता बांधावर उभा आहे, भावासमोर.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. सपाटीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. मेसेज वाजला, मान खाली गेली, कोणाचा ते पाहिलं, मान वर आली. तीन सेकंद झाले. शाळेतली शंभर मीटरची शर्यत आठवा. तेवढं अंतर गाडी कोणीही न बघता धावली. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायचा वेळ अजून धरलेलाच नाही.

"माझे तर हात मोकळे असतात," असं पुष्कळ जण सांगतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. २००३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांना फोन हातात न धरता बोलायला लावलं, नजर कुठे जाते तेही टिपलं. रस्त्याकडेच्या फलकांवर नजर थेट गेली होती. नंतर विचारलं, तर त्यातले कितीतरी फलक त्यांना ओळखता आले नाहीत. डोळ्यांनी पाहिलं, मनापर्यंत पोचलंच नाही. ब्रेकही उशिरा लागत होता.

आपण कट मारणाऱ्याला शिव्या घालतो, अचानक ब्रेक दाबणाऱ्यालाही. पण उशिरा दिसलं की माणूस दचकतो आणि स्टिअरिंग हिसकतो. बाहेरून ती बेदरकारी वाटते. आत कित्येकदा नुसतं हरवलेलं लक्ष असतं. धोका तेवढाच.

कायद्यानेही हे ओळखलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९च्या दुरुस्तीने त्यात लाल सिग्नल तोडण्याच्या बरोबरीने हातात फोन घेऊन गाडी चालवणं आलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मला ही बरोबरी अगदी रास्त वाटते. पण उल्लेख आहे तो हातातल्या फोनचा.

बोरघाटात वळणच चालकाला जागं ठेवतं. इथे सरळ रस्ता मनाला काही कामच देत नाही, मग मन आपलं काम शोधतं. माझे मामा तीस वर्षं ट्रकवर होते. क्लीनरला त्यांची एकच ताकीद असायची: "मी गप्प झालो की हाक मार." क्लीनरला समोरचा रस्ता दिसायचा, घाट आला की तो स्वतःच गप्प बसायचा. फोनवरच्या भावाला रस्ता दिसत नाही.

खर्रर्र... चाक कडेच्या खरखरीत पट्टीवर गेलंय. चालक दचकतो, वेग उतरवतो, हळूहळू लेनमध्ये येतो. "दादा, ठेवतो आता."

पुढच्या पेट्रोल पंपावर तो गाडी कडेला लावतो, इंजिन बंद करतो, तोंडावर पाणी मारतो. आणि मग, गाडीला टेकून उभा राहत, भावाला पुन्हा फोन लावतो.