जाहिरातीतली फोडणी

नमस्कार. बोलायला लागण्याआधी हा कुकर चढवते, म्हणजे बोलणं होईपर्यंत खिचडी होईल. एक वाटी आंबेमोहोर, अर्धी वाटी मूगडाळ, साडेपाच वाट्या पाणी, हळद, मीठ. डाळ घरूनच कोरडी भाजून आणलीय. खमंग वास सुटला की थांबायचं, लाल होऊ द्यायची नाही.

विषय आहे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आणि आपलं जेवण. दिलीप प्रभावळकरांचं ‘लोकसत्ता’तलं ‘अनुदिनी’ हे सदर, त्यावरून केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका 2001 साली अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, सुरू झाली. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. तीन पिढ्या, एक घर.

‘टिपऱ्यांच्या घरचं जेवण करून द्या’ असं मला हल्ली बरेच जण सांगतात आणि मी ते मनापासून करते. पण आपल्या जिभेवर जी चव राहिलीय ती पडद्यावरच्या टेबलाची नाही. ते भाग बघताना आपल्या स्वतःच्या ताटात जे होतं, त्याची आहे.

आमच्या लालबागच्या घरात दोन खोल्या. टीव्ही बाहेर, ओटा आत. श्यामला म्हणजे शुभांगी गोखले आईच्या फार लाडक्या. तिला एकही वाक्य चुकवायचं नसे. म्हणून मालिकेच्या दिवशी तव्यावरच्या गरम पोळ्या बंद. ओट्यापाशी उभं राहावं लागणारं काहीच नाही. शीर्षकगीताआधी कुकर चढायचा. शिट्टीत संवाद बुडायचे, म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, दहा मिनिटांनी बंद. उरलेलं आतल्या वाफेवर शिजतं. मूगडाळ आणि आंबेमोहोर दोन्ही लवकर शिजणारे, त्यांना तेवढं पुरतं. आत्ता शिट्टी झाली ना, बघा, मीही गॅस बारीक केलाय.

शेजारच्या शेगडीवर बटाट्याच्या काचऱ्या. सालासकट पातळ चिरायच्या, धुवून पंचावर कोरड्या करायच्या. तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, हळद. झाकण अजिबात ठेवायचं नाही, वाफ कोंडली की काचऱ्या मऊ पडतात. मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी सुटतं. तिखटही शेवटी, नाहीतर करपतं. मंद आचेवर ठेवायच्या आणि दर जाहिरातीला उठून एकदा परतायच्या. आईच्या काचऱ्यांच्या कडा तांबूस, कुरकुरीत व्हायच्या. माझ्या मते त्या तशा व्हायच्या, कारण मधल्या वेळात त्यांना कोणी हात लावत नसे.

शेवटच्या जाहिरातीत खिचडीची फोडणी. लोखंडी पळीत दोन चमचे तूप, जिरं, ठेचलेली मिरी, कढीलिंब, आणि सगळ्यात शेवटी हिंग. हिंगाचा वास तुपात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून वरून भुरभुरलेला हिंग आणि फोडणीतला हिंग यांत एवढा फरक पडतो. ती चर्रर्र झाली की बाबा पाट न मांडता खाली बसायचे, आम्ही भावंडं ताटं घेऊन टीव्हीसमोर, आणि आमच्यात आई. तीही जेवत असायची, आमच्याबरोबर, गरम. एरवी ती सगळ्यांच्या मागून जेवायची. त्या अर्ध्या तासाची आठवण मला म्हणून एवढी येते.

तुमच्याकडे करणार असाल तर एक सांगते. ही खिचडी थांबली की घट्ट होते, शेजारी कढत पाणी तयार ठेवा. गार पाणी घातलं तर चव उतरते.

कुकर उतरला वाटतं. फोडणी करते. पुढच्या रांगेतल्या ताईंनी वाट्या मागे द्यायला सुरुवात करा, मेतकूट त्या डब्यात आहे.