प्रत्येक वारासाठी

(दृश्य: रेषा आखलेलं हिरवं मैदान, उंचावरून.)

अमेरिकन फुटबॉलचं मैदान यार्डांत मोजतात. यार्ड म्हणजे आपला वार. नऊवारी लुगड्यातला वार तो हाच, तीन फुटांचा. चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं, नाही सरकलात तर चेंडू समोरच्या संघाकडे. चेंडू छातीशी घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसणारा खेळाडू म्हणजे रनिंग बॅक. आणि मराठीत वार म्हणजे घावसुद्धा. या माणसाच्या गोष्टीत दोन्ही अर्थ लागू पडतात.

वॉल्टर पेटन. रनिंग बॅक. संघ शिकागो बेअर्स. जर्सी क्रमांक ३४.

(दृश्य: मिसिसिपी. लाल मातीचा रस्ता, जुनी शाळा.)

मिसिसिपी राज्यातलं कोलंबिया हे त्याचं गाव. गोऱ्या मुलांची शाळा वेगळी, काळ्या मुलांची वेगळी, असे ते दिवस. थोरला भाऊ एडी फुटबॉल गाजवायचा आणि वॉल्टर शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. भाऊ शाळेतून बाहेर पडला, तेव्हा कुठे हा मैदानात उतरला. १९७० मध्ये दोन्ही शाळा एक झाल्या आणि गावातली काळी-गोरी मुलं पहिल्यांदाच एका संघातून खेळू लागली. त्या संघाचा सगळ्यात वेगवान गडी होता वॉल्टर.

पुढे भावापाठोपाठ तो जॅक्सन स्टेट विद्यापीठात गेला. तिथले प्रशिक्षक बॉब हिल यांनी त्याला एक शिकवण दिली : सहजासहजी मरायचं नाही. रनिंग बॅकला शेवटी कुणीतरी पाडतंच. कबड्डीत पकड होते तशीच, पण इथे शंभर-सव्वाशे किलोची माणसं धावत येऊन आदळतात. बरेच जण अशा वेळी शहाणपणाने सीमारेषेबाहेर निघून जातात. पेटन जात नसे. पडायचंच असेल तर पाडणाऱ्यालाही ते जड गेलं पाहिजे. म्हणून शेवटच्या क्षणी तो उलट त्याच्याच अंगावर जायचा, मोकळ्या हाताने त्याला रेटायचा. त्या एका धडकेतून आणखी एखादा वार पदरात पडायचा. त्याच्या जुन्या चित्रफिती पाहताना माझी नजर नेहमी तिथेच थांबते. धावणं सुंदर आहेच, पण खरा पेटन दिसतो तो पकडला गेल्यानंतर.

(दृश्य: १९७५. बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्धचा सामना.)

व्यावसायिक संघ विद्यापीठांतले खेळाडू पाळीपाळीने निवडतात. १९७५ च्या त्या निवडीत बेअर्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. पहिला सामना. आठ वेळा चेंडू हातात आला. एकूण मिळकत : शून्य वार.

(दृश्य: आर्लिंग्टन हाइट्स. चढण.)

शिकागोजवळ आर्लिंग्टन हाइट्सला एक टेकडी आहे. हंगाम नसताना पेटन त्या खड्या चढावर पुन्हा पुन्हा धावत असे. गावी असताना नदीकाठच्या वाळूत धावायचा, इथे वाळू नव्हती, तर चढ शोधला. १३ हंगामांत दुखापतीमुळे त्याचा एकच सामना हुकला, तोही पहिल्या वर्षी. जिथे रोज हाडं मोडतात, त्या जागेवर हे कसं जमलं याचं उत्तर बरंचसं त्या टेकडीवर आहे.

२० नोव्हेंबर १९७७. मिनेसोटा वायकिंग्जविरुद्ध सामना, आणि पेटनला फ्लू झालेला. अंगात ताप. त्या दिवशी त्याने ४० वेळा चेंडू घेतला आणि २७५ वार धावला. एका सामन्यातला हा विक्रम पुढे तेवीस वर्षं टिकला. बेअर्स जिंकले, पण १०-७ असे, म्हणजे जेमतेम. त्या काळातला त्यांचा संघ असाच होता. एकटा पेटन ओढायचा.

७ ऑक्टोबर १९८४ ला बेअर्सच्या सोल्जर फील्ड मैदानावर त्याने जिम ब्राउनचा संपूर्ण कारकिर्दीतल्या १२,३१२ वारांचा विक्रम मागे टाकला. खेळ थांबला, सगळ्यांनी गराडा घातला. त्याला मात्र घाई होती, सामना अजून बाकी होता.

(दृश्य: न्यू ऑर्लिन्स, २६ जानेवारी १९८६.)

अखेर बेअर्स बलाढ्य झाले. १९८५ च्या हंगामात १६ पैकी १५ सामने जिंकून, पुढे सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, त्यांनी न्यू इंग्लंड पॅट्रियट्सना ४६-१० असं चिरडलं. त्या संध्याकाळी एकदा चेंडू गोलरेषेपासून फक्त एक वार लांब होता. अकरा वर्षं ज्याने संघ खांद्यावर वाहिला, त्याच्या हातात तो द्यायचा होता. तो दिला गेला विल्यम पेरीला, ‘रेफ्रिजरेटर’ म्हणून गाजलेल्या अगडबंब खेळाडूला. पेरीने टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवले. पेटनला त्या सामन्यात एकही टचडाउन मिळाला नाही. प्रशिक्षक माइक डिटका यांनी पुढे ही आपली मोठी चूक असल्याचं कबूल केलं. मला आजही ते दृश्य बघवत नाही.

(दृश्य: सोल्जर फील्ड, जानेवारी १९८८. बाकावर एकटा ३४ क्रमांक.)

शेवटचा सामना वॉशिंग्टनविरुद्ध. बेअर्स पिछाडीवर, चौथा प्रयत्न, आठ वार हवे होते. पेटनने छोटा पास झेलला, कडेकडेने धावला. सात वार झाले आणि प्रतिस्पर्ध्याने त्याला रेषेबाहेर ढकललं. जो स्वतःहून कधी बाहेर गेला नाही, त्याची कारकीर्द बाहेर ढकललं जाऊन संपली, एक वार कमी पडून. सामना संपल्यावरही तो मान खाली घालून बाकावर बसून राहिला.

एकूण १६,७२६ वार. किलोमीटरमध्ये मांडलं तर पंधरा आणि थोडं वर. ३,८३८ वेळा चेंडू घेऊन, एकेका धावेत सरासरी साडेचार वारसुद्धा नाहीत.

(दृश्य: फेब्रुवारी १९९९. पत्रकार परिषद.)

यकृताचा दुर्मीळ आजार. प्रत्यारोपण हवं होतं. भीती वाटते का, या प्रश्नावर त्याने हो म्हटलं, आणि रडला. मग पित्तनलिकेचा कर्करोग निघाला आणि प्रत्यारोपणाचा मार्ग बंद झाला. तरी तो लोकांना अवयवदानासाठी सांगत राहिला. स्वतःला आता काही मिळणार नाही हे ठाऊक असूनही. १ नोव्हेंबर १९९९ ला तो गेला.

(दृश्य: ग्रीन बे, ७ नोव्हेंबर १९९९.)

सहा दिवसांनी बेअर्स ग्रीन बे पॅकर्सशी खेळत होते. १४-१३, बेअर्स पुढे. शेवटच्या क्षणी पॅकर्सची एक किक, ती गेली की सामना त्यांचा. बेअर्सचा ब्रायन रॉबिन्सन उडी मारतो, हात वर करतो, चेंडू अडतो.

एवढी उंच उडी आपली नाहीच, वॉल्टरने मला उचललं, असं रॉबिन्सनने नंतर सांगितलं.