चार वाजता गाव विचारायचं

मंडळी, सूत्रसंचालकांनी आत्ता ‘कॅराव्हॅन’ म्हटलं आणि मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. बरोबरच हसलं. माझी गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढल्या, प्लायवूडचा पलंग ठोकला, शंभर लिटरची पाण्याची टाकी बसवली, शेगडी ठेवली. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं गेली, त्यामुळे हत्यारं आणि हात दोन्ही घरचेच. आरटीओकडे मात्र बदलाची परवानगी आधी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. तो विषय इथंच सोडतो.

माझा पुतण्या इंग्लंडात असतो. तिकडे अशा गाड्यांना आखलेल्या जागा आहेत, विजेचं कनेक्शन, पाण्याचा नळ, सगळं. शेतकऱ्याच्या कुरणात पाचच गाड्या उभ्या राहतील अशा छोट्या जागाही असतात. सुटीच्या दिवसांत आधी बुकिंग केलं नाही तर हाल. तो फोनवर विचारतो, ‘‘काका, बुकिंग न करता निघता तुम्ही?’’ अरे बाबा, करू कोणाकडे? कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आपल्या राज्यात २०२१ मध्ये आलं, पण दर्यापूर-अकोट रस्त्यानं मी जातो तेव्हा मला तुरीच दिसतात.

तरी बुकिंग असतंच. ते तोंडी असतं, आणि दुपारी चारला करायचं असतं. चारला गावात शिरलं की पारावर दोन-चार म्हातारे सापडतात, पानठेला उघडा असतो, पोलीस पाटील शेतातून परतायच्या बेतात असतो. चहा होतो. कुठले, कोणाचे, इकडे कसे काय, एवढं विचारून होईस्तोवर जागा ठरलेली असते. शाळेचं पटांगण, देवळामागची मोकळी जागा, नाहीतर कोणाचं तरी खळं. हेच तुम्ही रात्री नऊला, हेडलाइट लावून शिरलात तर काय होतं ते शेवटी सांगतो.

आता माती. मुरुमाची जागा मिळाली तर देवाला नारळ फोडा. आमची पूर्णाकाठची काळी माती कोरडी असते तोवर गुणाची. एका फेब्रुवारीत दर्यापूरच्या पुढे एका शेताच्या धुऱ्याला गाडी लावली. शेतमालक म्हणाला, ‘‘भाऊ, इथं नोका लावू. पानी आलं तं गाडी निंगत नाई.’’ मी मेकॅनिक! फेब्रुवारीत कुठला पाऊस, म्हणालो. रात्री दोनला टपावर थेंब वाजायला लागले. सकाळी उतरलो तर पहिल्या पावलाला चप्पल मातीत राहिली, दुसऱ्या पावलाला दुसरी. मागची चाकं हबपर्यंत आत. रेस केली की चाक जागेवर फिरायचं आणि मातीचा लगदा करत खाली जायचं. त्या माणसानं एक शब्द ऐकवला नाही. खळ्यातून पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, दोन मोळ्या आणल्या, चाकांखाली कोंबल्या, ट्रॅक्टरला साखळी लावली. तिसऱ्या हिसक्याला गाडी निघाली. पैसे घेईना. त्याचा फवारणीचा पंप दोन वर्षं बंद पडून होता, तो मी दुपारपर्यंत खोलून चालू करून दिला. हिशेब मिटला.

त्याच पट्ट्यात दुसरी गोष्ट पाण्याची. अमरावती, अकोला, बुलढाण्यात पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी टाकीत भरलंत की चहा फाटतो, डाळ शिजत नाही आणि बायको बोलत नाही. आम्ही परतवाड्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी टाकी भरून मगच खाली उतरतो. उलट भंडारा-गोंदियात गेलात तर मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेले, तलावच तलाव. पाण्याला तोटा नाही, पण तलावाच्या पाळीवर गाडी लावू नका, ती बैलबंड्यांची वाट असते. आणि मच्छरदाणी विसरू नका.

जंगलाबद्दल थोडक्यात. मेळघाट-ताडोबाकडे गावातच थांबा, गावाबाहेर नाही. तिथली माणसं दिवस मावळल्यावर घराबाहेर का पडत नाहीत, हे आपण प्रयोग करून बघायची गरज नाही. आणि होळीनंतर निघूच नका. पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याची गाडी म्हणजे तंदूर.

बायकोला विचाराल तर तिची अडचण वेगळीच. गावातल्या म्हाताऱ्यांना आम्ही गाडीत झोपतो हे अपमानाचं वाटतं. ‘‘डब्यात कायले झोपता वं माय? घर नाई का आमचं?’’ असं म्हणत एकीनं आमच्या गाद्याच उचलून नेल्या होत्या.

आता रात्रीचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत फिरणारे. तीही भरदिवसाची गोष्ट, बाजारच्या दिवशीची. नवख्याची भीती गावात असते, ती अंधारात वाढते. म्हणून मी चारला पोचतो.

पण खरं सांगू? चारला पोचणंही सगळ्यांना सारखं पुरत नाही. दोन वर्षांमागे यवतमाळकडच्या एका गावात आम्ही पोचलो, त्याच सुमारास गाडी-लोहारांच्या दोन बंड्याही आल्या. पिढ्यान्‌पिढ्या बुकिंग न करता फिरणारी खरी माणसं ती. आम्हाला देवळाजवळ नळापाशी जागा मिळाली, त्यांना नाल्यापलीकडची. संध्याकाळी माझ्या जॅकचा दांडा वाकला होता, तो त्यांच्यातल्या एकानं भात्यावर तापवून दहा मिनिटांत सरळ करून दिला. तेवढ्यात पोलीस पाटील आला. त्यानं त्या लोहाराचं आधार कार्ड घेतलं, बॅटरी मारून उलटसुलट पाहिलं, फोटो काढला, बंड्यांतल्या बायकांचीही मागितली. मीही खिशात हात घातला होता. तो मला म्हणाला, ‘‘तुमचं राहू द्या, काका.’’